सावेडी ते दिल्ली : अंतर कोणते आणि वेळ किती?

दोन शहरांमध्ये अंतर किती आहे आणि ते विमानाने तोडावयास वेळ किती लागतो, हा प्रश्न दिसावयास इतका साधा आहे की त्याचे उत्तर एका आकड्यात मिळावे अशी अपेक्षा कोणीही धरील. परंतु भूगोलवेत्ता, वैमानिक, विमान कंपनीत वेळापत्रक आखणारा अधिकारी, रस्ते व लोहमार्ग यांची तजवीज करणारा नियोजनकार आणि सामान बांधून घराबाहेर पडणारा प्रवासी, अशा पाच जणांना तो वेगवेगळा विचारला तर पाच उत्तरे मिळतात आणि त्यांपैकी एकही खोटे नसते. हा भेद कोठून उत्पन्न झाला, प्रत्येक पक्षाचे म्हणणे काय आहे आणि वादाचा कोणता भाग अद्याप निकालात निघालेला नाही, याचा आढावा येथे घ्यावयाचा आहे. उदाहरणासाठी अहमदनगरची, म्हणजे २०२४ पासून शासकीय दप्तरी अहिल्यानगर झालेल्या शहराची, सावेडी ही वसाहत घेतली आहे. ज्या शहराला स्वतःचा प्रवासी विमानतळ नाही, त्याच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत अधिक गुंतागुंतीचा होतो. आणि नगर तर पुण्याचा लोहगाव, शिर्डीजवळचा काकडी आणि छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा अशा तीन विमानतळांच्या मधोमध, तिन्हींपासून कमीअधिक दूर वसलेले आहे.

मापनाची पूर्वपीठिका

अंतर आणि काळ यांचा संबंध आपल्याकडे फार जुना आहे. सिद्धांतग्रंथांतील ज्योतिषी लंका, उज्जयिनी व कुरुक्षेत्र यांवरून जाणारी रेषा मध्यरेखा मानीत आणि तिच्यापासून एखादे गाव पूर्वेस वा पश्चिमेस किती योजने आहे यावरून तेथील उदयकाळाचा फरक काढीत. देशांतर संस्कार म्हणून ओळखली जाणारी ही रीत म्हणजे लांबीचे काळात रूपांतर करण्याचा शास्त्रशुद्ध प्रयत्न होय. नगर हे उज्जयिनीच्या रेषेपासून पश्चिमेस साधारण एक अंशावर येते, म्हणजे दोन्ही ठिकाणच्या सूर्योदयात केवळ या कारणाने पडणारा फरक चार मिनिटांचा. व्यवहारात मात्र लोक कोसांनी आणि मजलांनी मोजीत. कोसाची लांबी प्रांतोप्रांती बदलत असे, आणि मजल तर मुळातच लांबीचे माप नव्हते. फौज, काफिला किंवा तांडा सकाळी निघून मुक्कामापर्यंत जितका जाईल तितकी ती मजल, मग मध्ये घाट असो की नदीला पूर आलेला असो. निजामशाहीची राजधानी म्हणून पंधराव्या शतकाच्या अखेरीस नगर वसले, पुढे १७०७ मध्ये औरंगजेबाचा देह येथेच पडला, आणि या दोन शतकांतील कासीद, डाक व फौजा यांचा सारा हिशेब याच मापाने चालला. वाट, ऋतू आणि वाहन यांना वगळून अंतर सांगणे त्या काळच्या माणसाला निरर्थक वाटले असते, हे आजच्या वादाकडे वळण्यापूर्वी ध्यानात घेण्याजोगे आहे.

वाट वगळून उरणारे शुद्ध अंतर पुढे आणले ते इंग्रजी अमदानीतील त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ आधाररेषा मोजून ज्या कामाचा प्रारंभ केला, त्यातून दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश निश्चित झाले की त्यांमधील रेषा रस्त्याविना, पावलाविना, कागदावर काढता येऊ लागली. त्याच शतकात लोहमार्गांनी मात्र उलट दिशेने एक नवे वास्तव निर्माण केले. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे, १८५८ मध्ये खंडाळा-पुणे आणि १८६३ मध्ये मधला बोरघाट असे टप्पे पुरे झाल्यावर मुंबई-पुणे हे अंतर रुळांच्या लांबीने आणि गाडीच्या वेळापत्रकाने बोलले जाऊ लागले. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू होऊन नगर लोहमार्गाच्या नकाशावर आले. परंतु तो मार्ग उत्तर-दक्षिण असल्यामुळे पश्चिमेकडील मुंबईस जाणाऱ्या नगरकराला आधी दक्षिणेस दौंड किंवा उत्तरेस मनमाड गाठण्याचा वळसा तेव्हापासून जो पडला, तो आजतागायत टळलेला नाही. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत पकडलेल्या राष्ट्रीय नेत्यांना नगरच्या किल्ल्यात आणले, तेही आगगाडीनेच.

रस्त्याच्या बाबतीत नगरचे स्थान मानाचे आहे. आज जिला आपण एस. टी. म्हणतो, तिची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली ती पुणे ते अहमदनगर या मार्गावर. एस. टी.ने भाड्यासाठी ठरविलेला टप्पा सहा किलोमीटरांचा. म्हणजे तिकिटाच्या दृष्टीने पुणे-नगर हे अंतर वीस टप्प्यांच्या आसपास भरते, मग गाडी वाघोलीत अडकून पडो वा सुपे-शिरूर सुसाट ओलांडो.

विमानाचा प्रवेश त्याआधीच झाला होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले, तेव्हा प्रवाशाचा प्रश्न नव्हताच. टपालाचे दिवस वाचविणे हा हेतू होता. १९४९ मध्ये रात्रीच्या टपालसेवेसाठी दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या ठिकाणी परतत. मुंबईचे पत्र मद्रासला नागपूरमार्गे जाई. सरळ रेषेपेक्षा हा मार्ग पुष्कळ लांब होता, तरीही सकाळच्या वाटपाला पत्र हाती पडे, म्हणून तो जवळचा ठरला. अंतराहून वेळ श्रेष्ठ आणि नुसत्या वेळेहून योग्य घटकेला पोहोचणे श्रेष्ठ, हा विचार या व्यवस्थेमागे स्पष्ट दिसतो.

सरळ रेषेचा पक्ष

पहिला पक्ष गणिताचा. पृथ्वीच्या पृष्ठभागावरील दोन बिंदूंना जोडणारी सर्वांत आखूड रेषा महावर्तुळाच्या कंसावर असते. तिची लांबी अक्षांश-रेखांशांवरून काढता येते आणि ती कोणाच्या मर्जीवर अवलंबून नसते. या मापाने सावेडी ते दिल्लीचा विमानतळ हे अंतर सुमारे १,०७५ किलोमीटर भरते, लोहगाव ते दिल्ली सुमारे १,१५५ आणि काकडी ते दिल्ली सुमारे १,०२५. मुंबईच्या विमानतळाचा अक्षांश आणि नगरचा अक्षांश जवळजवळ एकच, १९ अंश व ५ मिनिटांच्या आसपास, असल्यामुळे नगरहून मुंबईची रेषा नकाशावर बहुतांशी अक्षवृत्ताला धरूनच जाते आणि ती दोनशे किलोमीटरांनाही किंचित कमी पडते. हीच यात्रा माळशेज घाटातून केली तर अडीचशेच्या घरात जाते, पुण्यावरून केली तर दोनशे सत्तरच्या, आणि दौंड-पुणे या लोहमार्गाने साडेतीनशेच्या.

या पक्षाचे सामर्थ्य तुलनेत आहे. प्रत्यक्ष मार्गाची लांबी सरळ रेषेच्या किती पट आहे हे काढले की व्यवस्थेतील वैगुण्य उघडे पडते: नगर-पुणे सरळ अंतर सुमारे ११३ किलोमीटर, रस्ता १२०, म्हणजे रस्ता उत्तमच, तेथेच लोहमार्ग १६०. कल्याण-माळशेज-नगर या लोहमार्गाची मागणी पिढ्यान्पिढ्या का होत आली, याचे उत्तर या दोन-चार आकड्यांत सापडते. नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग २०२२ च्या डिसेंबरात शिर्डीपर्यंत आणि २०२५ च्या जूनमध्ये संपूर्ण खुला झाला. नागपूर-मुंबई सरळ अंतर सुमारे ६८५ किलोमीटर असल्याने, तो दोन्ही शहरांच्या अंतर्भागापर्यंत पोहोचत नाही हे मान्य करूनही, एवढा लांब रस्ता सरळ रेषेच्या इतका निकट असणे ही आपल्याकडे अपूर्व गोष्ट म्हटली पाहिजे.

दूरच्या प्रवासात ही रेषा सामान्य बुद्धीला चकित करते. सावेडीत आज अशी पुष्कळ घरे आहेत की ज्यांची मुले अमेरिकेत स्थायिक झाली असून आईवडील वर्षाआड मुंबईहून न्यूयॉर्ककडे जातात. भिंतीवरच्या नकाशावर ती वाट अरबस्तान, भूमध्य समुद्र आणि अटलांटिक महासागर अशी सरळ पश्चिमेला दिसते. प्रत्यक्षात साडेबारा हजार किलोमीटरांचे महावर्तुळ मुंबईहून निघताना वायव्येपेक्षाही उत्तरेकडे अधिक झुकते आणि ६५ अंश अक्षांशापर्यंत, म्हणजे ध्रुववृत्ताच्या अगदी जवळ, चढून मग खाली उतरते.

या पक्षावरील आक्षेप एवढाच की विमान हे भूमितीतील बिंदू नव्हे. वाऱ्याची दिशा, देशांच्या हद्दी, लष्करासाठी राखून ठेवलेले आकाश आणि विमानतळांभोवती चढण्या-उतरण्याचे ठरीव मार्ग यांना मान देत त्याला जावे लागते. नगरच्या उत्तरेस खारे कर्जुने येथे रणगाडे आणि तोफा यांच्या सरावाचे विस्तीर्ण क्षेत्र आहे. अशा क्षेत्रांवर सराव चालू असताना विमानांना आजूबाजूने काढावे लागते. पाकिस्तानने आपले आकाश २०१९ मध्ये काही महिने आणि पुन्हा एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना बंद केले, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांची वाट एका रात्रीत लांबली. शहरे जागची हलली नव्हती, रेषाही कायम होती. वाट मात्र पालटली.

घड्याळाचा पक्ष

दुसरा पक्ष विमान कंपन्यांचा व वैमानिकांचा. त्यांचे म्हणणे असे की उतारूला किलोमीटरांशी कर्तव्य नाही, तिकिटावरील दोन वेळांशी आहे. सबब उड्डाणकाल म्हणजे विमान उभे असलेल्या जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतचा काळ. लोहगाव-दिल्ली या मार्गावर तो सामान्यतः दोन ते सव्वादोन तास दाखविला जातो. जेट विमान ताशी ८३० किलोमीटरांच्या आसपास उंचावरील वेग धरते हे जमेस धरून १,१५५ किलोमीटरांचा हिशेब केला तर दीड तासही होत नाही. मग उरलेली चाळीस-पन्नास मिनिटे कोठे जातात?

काही धावपट्टीपर्यंत संथ चालण्यात आणि क्रमाची वाट पाहण्यात जातात. लोहगाव हे मुळात वायुदलाचे ठाणे असून तेथील एकाच धावपट्टीवर लढाऊ व प्रवासी विमाने दोन्ही सांभाळावी लागतात, हे या ठिकाणी विसरता कामा नये. काही चढताना व उतरताना कमी वेगामुळे जातात. काही दिल्लीच्या आसमंतात रांगेत उभे केल्याप्रमाणे घिरट्या घालण्यात किंवा वळणावळणाने येण्यात जातात. आणि काही मिनिटे अशी असतात की ती प्रवासाला लागतच नाहीत. वेळापत्रक आखतानाच ती राखीव म्हणून घातलेली असतात. विमान ठरलेल्या वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत पोहोचले तर ते वेळेवर आले असे धरण्याचा शिरस्ता आहे आणि वक्तशीरपणाचे असे आकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय दरमहा प्रसिद्ध करते. त्यामुळे थोडी अधिक वेळ जाहीर करून तीत निश्चित पोहोचणे कंपनीस श्रेयस्कर वाटते.

या राखीव मिनिटांविषयी दोन मते आहेत आणि दोहोंत तथ्य आहे. टीकाकार म्हणतात की यामुळे सुधारणेची निकड नाहीशी होते आणि जुन्या वेळापत्रकांशी तुलना करणे अशक्य बनते. कंपन्यांचे उत्तर असे की गर्दी ही त्यांनी निर्माण केलेली नाही, पुढील विमान पकडणाऱ्या उतारूला खरी वेळ आधी सांगणे हेच प्रामाणिकपणाचे आहे, आणि वैमानिक व कर्मचारी यांच्या कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा असल्याने तंग वेळापत्रक एका ठिकाणी तुटले की सबंध दिवसभर तुटत जाते. मला दुसऱ्या बाजूचे म्हणणे अधिक पटते, कारण दूरहून आलेल्या माणसाला दहा मिनिटे लवकर पोहोचण्यापेक्षा खात्रीने पोहोचणे मोलाचे असते. मात्र ही मिनिटे किती याचा तपशील उघड असावा, ही टीकाकारांची अपेक्षाही रास्त आहे.

वाऱ्याचा प्रश्न वेगळा. हिवाळ्यात उत्तर भारतावरून उंच थरांत पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिवेगवान वारे वाहतात. पुणे-दिल्ली मार्ग मुख्यतः दक्षिणोत्तर असल्याने त्यावर त्यांचा परिणाम बेताचा. मुंबई-कोलकाता यांसारख्या आडव्या मार्गावर जाण्याचा व येण्याचा काळ मात्र वेगळा पडतो, आणि मुंबई-न्यूयॉर्कच्या प्रवासात तर जाताना सोळा तासांच्या आसपास लागणारी वाट येताना तास-दोन तासांनी आखूड होते. शिवाय तिकिटावरील वेळा त्या त्या ठिकाणच्या घड्याळाच्या असतात. लंडनला जाणाऱ्याने उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक हिशेबात घेतला नाही तर सारे गणित चुकते.

उंबरठ्याचा पक्ष

तिसरा पक्ष प्रवाशाचा, आणि अलीकडे वाहतूकशास्त्रातील अभ्यासकही त्याच्या बाजूला सरकले आहेत. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज विद्वानाने १८८१ मध्येच लंडनहून जगातील ठिकाणे किती दिवसांत गाठता येतात याचा रंगीत नकाशा काढला होता. त्यात मैल नव्हते, दिवसांचे पट्टे होते. असाच नकाशा आज सावेडी हे केंद्र धरून काढला तर काय दिसेल?

पुण्याहून सकाळी दहाचे विमान आहे असे धरू. सामान देण्याची खिडकी सामान्यतः तासभर आधी बंद होते, म्हणून आठ-सव्वाआठला लोहगावात असणे इष्ट. अंतर एकशे पंधरा-वीस किलोमीटर. रात्री अडीच तासांत गाडी पोहोचते, परंतु आठला पोहोचावयाचे म्हणजे शेवटची मजल ऐन गर्दीच्या घटकेला पडते. म्हणून सावेडीतील प्रोफेसर कॉलनीच्या चौकातून साडेचारला निघायचे. सुपे मागे पडते, शिरूरला घोडनदीचा पूल ओलांडताना अजून अंधार असतो आणि तेथवर सारे सुरळीत चाललेले असते. रांजणगावी औद्योगिक वसाहतीच्या पाळीच्या बसगाड्या रस्त्यावर येतात, शिक्रापूरला चाकणकडे वळणारे मालट्रक चौक अडवून धरतात, कोरेगाव भीमा आणि लोणीकंद ओलांडून वाघोली दिसू लागते तेव्हा उजाडलेले असते आणि उरलेले दहा-बारा किलोमीटर कधी वीस मिनिटांत तर कधी सव्वा तासात सरतात. गाडीतली मंडळी येथे घड्याळाकडे पाहू लागतात, चालक वाघोलीहून आत वळायचे की खराडीवरून जायचे याचा फोनवरून अंदाज घेतो, आणि दिल्लीचे हजार किलोमीटर कोणाच्या मनात नसतात. मनात असतात ती ही दहा.

सबंध हिशेब मांडला तर रस्त्याचे साडेतीन-चार तास, विमानतळावरील दोन, विमानातील सव्वादोन आणि दिल्लीत बाहेर पडून मुक्कामी पोहोचण्याचा एक-दीड, असे नऊ-साडेनऊ तास होतात; त्यांतील पूर्ण वेगाने आकाशात असण्याचा काळ तासाभराचा. विमानाचा वेग दुप्पट झाला तरी या बेरजेत अर्धा तास जेमतेम वाचेल. वाघोलीचा एक तास वाचला तर तेवढा सबंध वाचतो. ध्वनीहून वेगवान कॉन्कॉर्ड विमाने २००३ मध्ये निवृत्त झाली आणि त्यानंतर जगात कोणत्याही नियमित सेवेने तो वेग धरलेला नाही, तेव्हा सुधारणेला वाव जमिनीवरच अधिक आहे, हे या पक्षाचे म्हणणे मान्य करावे लागते.

याच पक्षात एक उपमत आगगाडीचे आहे. गोवा एक्सप्रेस, कर्नाटक एक्सप्रेस, झेलम एक्सप्रेस या गाड्या नगरच्या स्थानकावरून उत्तरेला जातात. दिल्लीपर्यंतचा लोहमार्ग सुमारे १,४३० किलोमीटर आणि वेळ जवळपास एक अहोरात्र. नऊ तासांपुढे चोवीस तास हा सौदा वाईट दिसतो, परंतु रात्र झोपेत जाते, मध्ये चढउतार नाही आणि सावेडीहून स्थानक अर्ध्या तासावर आहे. वृद्ध माणसांना आणि भिंगारच्या छावणीतील जवानांना ही गोष्ट आकड्यांहून महत्त्वाची वाटते. उलट बाजूचे लोक म्हणतात की ज्याला सकाळी जाऊन दुसऱ्या दिवशी परतावयाचे आहे त्याला ही तुलनाच लागू नाही. दोघांच्या गरजा निराळ्या आहेत, एवढेच येथे म्हणता येईल.

तीन विमानतळ

१ ऑक्टोबर २०१७ रोजी कोपरगाव तालुक्यातील काकडी येथे शिर्डीचा विमानतळ सुरू झाला, राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, आणि नगर जिल्ह्याच्या हद्दीत प्रथमच प्रवाशांसाठी नियमित विमानसेवा आली. त्याच सुमारास केंद्राच्या उडान योजनेने सुमारे तासाभराच्या, म्हणजे पाचशे किलोमीटरांच्या, प्रवासाला अडीच हजार रुपयांची कमाल भाडेमर्यादा घातली होती. तास आणि किलोमीटर यांची अशी शासकीय बरोबरी बसविण्याचा हा प्रसंग या विषयाच्या अभ्यासकाने टिपून ठेवावा असा आहे. ती बरोबरी लहान अंतरावर कशी ढळते हे शिर्डी-मुंबई सेवेवरून दिसले: सरळ अंतर पावणेदोनशे किलोमीटरांच्या आत, पंख्याच्या विमानाला पाऊण तास, आणि त्यात चढणे-उतरणे सोडले तर उरते काय?

काकडीच्या बाजूने बोलणारे सांगतात की सावेडी मुळातच मनमाड रस्त्यावर आहे, शहर ओलांडावे लागत नाही, राहुरी, कोल्हार करीत दोन-सव्वादोन तासांत विमानतळ येतो, इमारत लहान असल्याने आत वेळ जात नाही आणि दिल्लीपर्यंतचा सारा प्रवास साडेसहा-सात तासांत होतो. विरुद्ध बाजू दोन गोष्टींकडे लक्ष वेधते. पहिली, उड्डाणे मोजकी. दिवसातून एखादेच विमान सोयीचे असेल आणि ते चुकले वा रद्द झाले तर प्रवास दुसऱ्या दिवसावर जातो, उलट लोहगावला काही तासांत दुसरे मिळते. दुसरी, खात्री: प्रारंभीची वर्षे तेथे दिवसाउजेडीच विमाने उतरत, आणि २०१९ च्या नोव्हेंबरात दृश्यमानता कमी झाल्याने सेवा कित्येक दिवस खंडित झाली होती. यावर पहिल्या बाजूचे प्रत्युत्तर असे की लोहगावही अखंड नव्हते. धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी २०२० च्या ऑक्टोबरपासून वर्षभर तेथील रात्रीची उड्डाणे बंद होती आणि २०२१ च्या ऑक्टोबरात तो विमानतळ पंधरवडाभर पूर्णपणे मिटला होता. नगर-मनमाड रस्त्याच्या खड्ड्यांबद्दलची तक्रार मात्र दोन्ही बाजूंना मान्य आहे.

चिकलठाण्याचा विचार नगरकर तुलनेने कमी करतो. इमामपूर घाट, घोडेगाव, नेवासे फाटा, प्रवरासंगम असा रस्ता चांगला असला तरी विमानतळ संभाजीनगरच्या पूर्वेस, जालना रस्त्यावर असल्याने सारे शहर ओलांडावे लागते. परदेशी जाणाऱ्याला आणि ३१ जानेवारीच्या अमरतिथीसाठी अरणगावच्या मेहेराबादला देशोदेशींहून येणाऱ्या मेहेरबाबांच्या भक्तांना मुंबई हेच मुख्य द्वार राहिले आहे.

जे अनिर्णित आहे

पहिला अनिर्णित मुद्दा मापाचा. सरासरी वेळ सांगावी की खात्रीची? एखाद्या वाटेला सरासरी तीन तास लागतात, पण दहांतून एकदा साडेचार लागतात, तर विमान गाठणाऱ्याच्या दृष्टीने ती वाट साडेचार तासांचीच आहे; उरलेल्या नऊ वेळा त्याचा दीड तास विमानतळाच्या बाकावर जातो. माझ्या मते नगरसारख्या शहराच्या बाबतीत हाच आकडा मुख्य मानावा, आणि त्या मापाने लोहगाव आज नकाशावर दिसते त्याहून पुष्कळ दूर आहे. परंतु दहांतून एकदा हा निकष धरावा की विसांतून एकदा, यावर नियोजनकारांत एकमत नाही. व्यापाऱ्याचा, शस्त्रक्रियेसाठी निघालेल्या रुग्णाचा आणि सहलीला जाणाऱ्याचा निकष एक असूही शकत नाही.

दुसरा मुद्दा खर्च कोठे करावा याचा. रस्ता सुधारावा, लोहमार्ग सरळ करावा, की विमाने वाढवावीत? दौंड येथे इंजिन फिरविण्याचा खोळंबा टाळणारा जोडमार्ग झाल्याने पुणे-मनमाड गाड्यांचा काही वेळ वाचला आहे. पुणे-नाशिक द्रुतगती लोहमार्गाची मूळ आखणी नारायणगावकडून होती; खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीला तिचा उपद्रव होईल या शास्त्रज्ञांच्या आक्षेपामुळे ती अडली आणि मार्ग नगर व शिर्डीवरून वळविण्याचा विचार पुढे आला. नाशिकच्या, संगमनेरच्या आणि जुन्नर-आंबेगावच्या लोकांना हा वळसा अन्यायाचा वाटतो, आणि त्यांच्या म्हणण्यात वजन आहे. नगरच्या दृष्टीने तीच आखणी दीडशे वर्षांचा वळसा काढून टाकणारी ठरेल.

तिसरा मुद्दा नव्या विमानतळांचा. नवी मुंबईचा विमानतळ २०२५ च्या डिसेंबरात वाहतुकीस खुला झाला; माळशेजने उतरून कल्याणकडून येणाऱ्या नगरकराला तो मुंबईच्या जुन्या विमानतळापेक्षा सोयीचा पडेल असे दिसते, तरी घाटातील पावसाळी दरडी आणि धुके यांचा हिशेब त्यात धरावा लागेल. पुरंदरच्या नियोजित विमानतळाचे गणित याहून विलक्षण आहे. पुण्याच्या आग्नेयेस, पारगाव-खानवडीच्या परिसरात तो झाला तर लोहगावातील बरीच उड्डाणे तिकडे जाणे संभवते, आणि मग नगरकराने वाघोलीवरून पुण्याला वळसा घालून दक्षिणेस उतरावे, की सरळ दौंड गाठून तेथून पश्चिमेकडे वळावे, हा प्रश्न उपस्थित होईल. दौंडची वाट लांबीने फारशी अधिक नाही, गर्दीने कमी आहे आणि तिला लोहमार्गाची जोड आहे. मात्र त्या दिशेचा रस्ता चौपदरी करून विमानतळाशी थेट जोडावयाचा की काय, याचा विचार पुणे जिल्ह्याच्या आराखड्यात व्हावयाचा की नगरच्या, हे ठरविल्याखेरीज सावेडी-दिल्ली या अंतराचा पुढील आकडा मांडता येणार नाही.